दयेचे द्वार : सामाजी हसाजी दिवेकर

नऊ दिवसांचे घट आता उठले. आई अंबाबाईच्या चरणी वाहिलेल्या उपवासांचे पारणे फिटले. सायंकाळी दसरा चौकात शमीपूजन होईल, सोने लुटले जाईल, आणि मग आपट्याची पाने हाती घेऊन माणसे घरोघर भेटीस निघतील. आधी निग्रह, मागाहून आनंद. आधी दार लावून केलेली आराधना, मागाहून दार उघडून घेतलेली गळाभेट. हा क्रम आपल्या हाडीमासी इतका खिळला आहे की तो केवळ आपलाच असावा असे वाटू लागते. परंतु भाविकहो, याच महाराष्ट्रात, आपल्याच मायबोलीत संसार करणाऱ्या एका लहानशा समाजानेही हा क्रम शतकानुशतके जपला आहे. त्या समाजातील एका सत्पुरुषाचे चरित्र आज आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत.

हा समाज बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातील यहुदी लोकांचा. त्यांचे पंचांग आपल्यासारखेच चंद्राच्या गतीवर चालते आणि सूर्याशी मेळ राहावा म्हणून तेही एकोणीस वर्षांत सात अधिक मास धरतात. त्यांच्या तिश्री महिन्याच्या दहाव्या तिथीस महाप्रायश्चित्ताचा उपवास असतो. त्यांचा तिश्री आणि आपला आश्विन हे पुष्कळ वर्षी एकाच चंद्राचे महिने असतात. अधिक मासाचा मेळ बसला नाही तर महिन्याचे अंतर पडते. २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला आपला दसरा व त्यांचा उपवास एकाच दिवशी आले होते. आपण सोने लुटीत होतो तेव्हा ते निराहार, निर्जळ बसले होते. आणि दुसऱ्या दिवशी, आपल्या एकादशीस, त्यांच्या घरी आनंद होता.

कीर्तनाच्या पूर्वरंगात सिद्धांत मांडावा आणि उत्तररंगात आख्यान लावावे, ही नारदांच्या गादीची रीत. तेव्हा प्रथम या उपवासाचे स्वरूप पाहू.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे तारू अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. अंगावरच्या वस्त्रांखेरीज त्यांच्यापाशी काही उरले नाही. धर्मग्रंथही समुद्राने गिळले. वाचलेली माणसे कुलाब्याच्या गावोगावी पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली, गावाच्या नावावरून आडनावे लावू लागली. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणू लागले. त्यांची हिब्रू भाषा गेली. ग्रंथ नाही, मंदिर नाही, आचार्य नाही, अशा अवस्थेत पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. उरले काय? शनिवारचा विसावा, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, ईश्वर एक आहे असे सांगणारा एक लहानसा मंत्र, आणि काही उपवास. एवढ्या शिदोरीवर त्या लोकांनी आपला धर्म जिवंत ठेवला.

त्या उपवासांना व सणांना त्यांनी मराठी नावे दिली. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, होळीचा सण. ही नावे हाईम सॅम्युअल केहिमकर या त्यांच्याच इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहेत. १८९७ साली त्यांनी लिहून पुरा केलेला इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. या नावांत दोन नावे आम्हांस विशेष हृद्य वाटतात. महाप्रायश्चित्ताच्या उपवासाला ते दारफळणीचा सण म्हणत, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाला म्हणत शिळा सण.

दारफळणीच्या आधी स्नान करून शुभ्र वस्त्रे नेसावीत, सूर्य मावळण्यापूर्वी अन्नपाणी आटोपावे आणि मग घराचे दार लावून घ्यावे. दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, परक्याशी बोलणे नाही, कोणाचा स्पर्श नाही. आपली निर्जला एकादशी ज्याने केली आहे त्यालाच हे किती कठीण ते उमजेल. या दिवसांत पितरांचे आत्मे घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात, अशीही त्यांच्या वाडवडिलांची समजूत होती. भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांना आमंत्रण देणाऱ्या आपल्या घरांस हे परके वाटू नये. मग शिळ्या सणाला दारे उघडत. भुकेल्यास दान द्यावे, आप्तेष्टांच्या घरी जावे, त्यांस आपल्या घरी बोलवावे, हाच त्या दिवसाचा विधी.

मूळ यहुदी शास्त्रात या उपवासाच्या शेवटच्या प्रार्थनेचे नाव, द्वारे मिटण्याची वेळ या अर्थाचे आहे. स्वर्गाची दारे आता मिटणार, त्याआधी अंतःकरण मोकळे करावे, असा तिचा भाव. कोकणातल्या या लोकांना ती प्रार्थना ठाऊक नव्हती, तिची भाषाही ते विसरले होते. तरी दाराची खूण तेवढी त्यांच्या मराठी नावात राहिली. आम्हां करवीरकरांना याचे मोल विशेष कळावे. आपल्या जगदंबेची मूर्ती संकटकाळी भक्तांनी घरात लपवून जपली होती आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिची मंदिरात पुन्हा स्थापना झाली, हे आपण जाणतोच. दार लावून देव सांभाळणे म्हणजे काय, हे या नगरीस कोणी शिकवावयास नको.

आता उत्तररंग.

अठराव्या शतकात मुंबई बेट भरभराटीस येऊ लागले, तसे कुलाब्यातील पुष्कळ बेने इस्राएल तेथे गेले. इंग्रज कंपनी सरकारच्या देशी पलटणींत त्यांनी नावलौकिक मिळविला. त्यांच्यातले कित्येक सुभेदार झाले. अशा कुळांपैकी एक दिवेकरांचे. या कुळात सॅम्युअल इझिकेल दिवेकर जन्मले. परंतु कोकणच्या मातीत ही बायबलातली नावे मराठी होऊन गेली होती, म्हणून लोक त्यांस सामाजी हसाजी दिवेकर या नावाने ओळखीत. सामाजींनी फौजेत चाकरी धरली, पराक्रम केला आणि पलटणीत कमांडंटच्या हुद्द्यापर्यंत ते चढले.

१७८० साली इंग्रजांचे म्हैसूरच्या हैदर अलीशी दुसरे युद्ध जुंपले. १७८२ च्या अखेरीस हैदर वारला आणि लढाईची सूत्रे टिपू सुलतानाकडे आली. या धामधुमीत मुंबईकडच्या फौजेतील पुष्कळ लोक टिपूच्या हाती बंदी म्हणून सापडले. त्यांत सामाजी होते. त्यांचा भाऊही त्यांच्यासवे होता, असे सांगतात. त्या बंदिवासाची कल्पना आज आपण काय करणार! पायी बेड्या, पोटात आग, आणि उद्याचा सूर्य दिसेल की नाही याचा भरवसा नाही.

अशा वेळी माणूस देवाला काय मागतो? सुटका. सामाजींनीही तेच मागितले. परंतु मागताना त्यांनी एक नवस बोलला, असे त्यांचा समाज आजवर सांगत आला आहे. येथून जिवंत सुटलो तर माझ्या लोकांसाठी ईश्वराचे मंदिर बांधीन, हा तो नवस. भाविकहो, या नवसातील शब्द जरा तोलून पाहावेत. त्यांत स्वतःसाठी एक प्राण तेवढा मागितला आहे. देणे मात्र साऱ्या समाजाचे अंगावर घेतले आहे. ज्या समाजाला शतकानुशतके प्रार्थनेचे छप्पर नव्हते, त्याला ते मिळवून देण्याचा हा संकल्प. तोही अशा माणसाचा, ज्याला स्वतःच्या डोक्यावर छप्पर राहील की नाही हे ठाऊक नव्हते.

पुढची कथा त्यांच्या परंपरेने मोठ्या ममतेने जपली आहे. बंद्यांची चौकशी चालली असता सामाजींना त्यांची जात विचारण्यात आली. त्यांनी आपण बेने इस्राएल असल्याचे सांगितले. ही वार्ता टिपूच्या मातेच्या कानी गेली. कुराणात बनी इस्राईल या लोकांचा उल्लेख वारंवार येतो, किंबहुना त्यातील सतराव्या अध्यायाला त्यांचेच नाव आहे. ज्यांच्याविषयी आयुष्यभर धर्मग्रंथात वाचले, ते लोक आपण कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, आणि आज ते आपल्याच बंदिखान्यात आहेत, याचे त्या माउलीस नवल वाटले. तिने मुलापाशी रदबदली केली, आणि सामाजींचे प्राण वाचले.

शत्रूच्या घरातील एका मातेच्या मुखाने ईश्वराने उत्तर दिले, असेच त्या भाविक मनास वाटले असेल. येथे शब्दशास्त्राचा एक लहानसा दाखला द्यावासा वाटतो. हिब्रू भाषेत दयेला रहमीम म्हणतात, आणि तो शब्द रेहेम या शब्दाच्या कुळातला आहे. रेहेम म्हणजे गर्भाशय. आईला पोटच्या गोळ्याविषयी जी कळ येते, तीच दया, असा त्या भाषेचा आशय. अंबाबाईला आई म्हणून हाक मारणाऱ्या आपणांस याचे अधिक विवरण नको.

१७८४ साली मंगळूरच्या तहाने ते युद्ध संपले. मंदिर उभे राहिले १७९६ साली. मधे एक तप गेले. संकटात बोललेले नवस संकट टळताच विसरतात, हा तर जगाचा रोजचा अनुभव. व्याधी हटली की औषधाची पुडी अडगळीत जाते, तसे नवसाचे होते. आमच्याकडेही असे कित्येक श्रोते येतात की, ज्यांचे आजारातील संकल्प डोंगराएवढे होते आणि बरे झाल्यावर नारळ फोडून त्यांनी देवाचे खाते बंद केले. यहुदी शास्त्र याविषयी फार जागरूक आहे. दारफळणीच्या रात्रीची पहिलीच प्रार्थना ईश्वरापाशी केलेल्या व माणसाच्या दुर्बलतेमुळे न फळलेल्या संकल्पांविषयी आहे. आणि त्यातही मर्यादा अशी की, माणसाने माणसाला दिलेल्या वचनातून ती प्रार्थना कोणासही सोडवीत नाही. सामाजींचा संकल्प ईश्वराला होता आणि आपल्या माणसांनाही होता. त्यातून सुटण्याची वाट त्यांनी शोधली नाही.

मुंबईच्या मांडवी भागात त्यांनी मंदिर बांधले. ज्या रस्त्यावर ते उभे राहिले, त्याला पुढे सॅम्युअल स्ट्रीट असे त्यांचेच नाव मिळाले. त्या काळी या पेठेतील लोक यहुद्यांच्या प्रार्थनास्थानालाही मशीद म्हणत. मुंबईच्या मस्जिद स्थानकाचे नाव यावरूनच पडले, असे सांगतात. भारतातील बेने इस्राएलांचे हे पहिले मंदिर. पेशवाईचा उत्तरकाळ होता, करवीरच्या गादीवर दुसरे शिवाजी महाराज होते, आणि मुंबई बेटावर एका बंदिवानाचा नवस विटाचुन्यात साकार होत होता. त्या मंदिराचे नाव शाआर हारहामीम, म्हणजे दयेचे द्वार. ज्या समाजाने आजवर दार लावून उपवास केला, त्याच्यासाठी हे दार उघडले होते.

परंतु चरित्राचा कळस याहून पुढे आहे.

यहुदी मंदिरात मूर्ती नसते. तेथे येरुशलेमच्या दिशेच्या भिंतीत एक पवित्र कपाट असते आणि त्यात तोरा हा धर्मग्रंथ ठेवलेला असतो. तो छापलेला चालत नाही. चर्मपत्रावर हाताने अक्षर न् अक्षर लिहिलेली ती लांब गुंडाळी असते. देवळात गाभारा, तसे मंदिरात ते कपाट. वारकऱ्याला विठ्ठलाविना देऊळ जसे, तसे यहुद्याला तोराविना मंदिर. कोकणच्या यहुद्यांपाशी हा ग्रंथ नव्हता; त्यांचे ग्रंथ तर समुद्राच्या तळाशी गेले होते. दक्षिणेत कोचीन येथे यहुद्यांची जुनी वस्ती होती, तेथे मंदिरे होती, शास्त्री होते. आपल्या मंदिरासाठी तोरा मिळवावी म्हणून सामाजी कोचीनला निघाले. त्या वेळी त्यांनी साठी ओलांडली होती, असे त्यांच्या वयाविषयीच्या परंपरेवरून दिसते. युद्ध पाहिलेले, बंदिवास सोसलेले शरीर, आणि पुढे समुद्राची लांब वाट. नवस तर फिटला होता. मंदिर उभे होते. कोणी त्यांस आणखी काही मागितले नसते. पण गाभारा रिता ठेवून नवस फिटला असे म्हणणे त्यांच्या मनास रुचले नाही.

१७९७ साली कोचीन येथेच सामाजी हसाजी दिवेकर यांनी देह ठेवला. आपल्या हातांनी बांधलेल्या मंदिरात ते परतले नाहीत. देहाने ते दूरच राहिले. त्यांनी उघडलेले दार मात्र मिटले नाही.

ते किती उघडले, हे पुढील इतिहास सांगतो. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे यहुदी शिक्षक मुंबईत व कुलाब्यात येऊन या लोकांस हिब्रू व धर्मविधी शिकवू लागले. १८४६ साली त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. १८४८ साली अलिबागेत मंदिर झाले; रेवदंडा, पनवेल, पेण येथेही झाली. १८६० साली मांडवीच्या मूळ मंदिराची नव्याने उभारणी झाली. दारफळणीच्या उपवासाला आता एकाकी घराचे बंद दार राहिले नव्हते. शुभ्र वस्त्रे नेसलेला अवघा समाज एका छपराखाली बसून दिवसभर प्रार्थना करू लागला, आणि तारे दिसताच मेंढ्याच्या शिंगाचा दीर्घ नाद ऐकून घरी परतू लागला. पाचव्या दिवशी, आपल्या कोजागरीच्या सुमारास, त्यांचा मांडवांचा सण लागतो. आणि त्याच्या शेवटी तोराची गुंडाळी उराशी धरून ते मंदिरात नाचतात. ज्या ग्रंथासाठी सामाजी कोचीनला गेले, तो ग्रंथ खांद्यावर घेऊन त्यांचे लोक नाचतात, हे चित्र आमच्या मनात आले की आम्हांस दिंडीतील पालखी आठवते.

या समाजाशी आमचा स्वतःचा एक ऋणानुबंध आहे. तारुण्यात आम्ही एकदा अलिबागेस कीर्तनास गेलो होतो. आख्यान संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. ते बेने इस्राएल होते. चिपळ्या आणि पेटी यांच्या साथीने आपल्या आजोळीही कीर्तन होत असे, असे त्यांनी सांगितले, तेव्हा आम्ही चकित झालो. मागाहून कळले ते खरेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या समाजातील कथेकरी मराठी पदे रचून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने आपल्या हरिदासी कीर्तनाच्या ढंगात लावू लागले होते. त्या वृद्धाने त्या रात्री आम्हांस दारफळणी आणि शिळा सण हे दोन शब्द दिले. तेव्हा ते आम्ही वहीत टिपून ठेवले; त्यांचा अर्थ उमगावयास पुष्कळ वर्षे लागली.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर यांतील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. तेथेही त्यांस सहजासहजी दार उघडले नाही. त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका घेतल्या गेल्या आणि १९६४ साली ते सर्व बाबतींत यहुदीच होत असे मान्य झाले. आज भारतात त्यांची संख्या काही हजारांवर आहे, बहुतांशी मुंबई-ठाण्याकडे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. मंदिरे आहेत, पण काही ठिकाणी प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष जमविणेही कठीण होते. तरी जेथे जमतात तेथे तिश्रीच्या दशमीस उपवास होतो.

आता तात्पर्य. यहुदी शास्त्रकारांनी या उपवासाला एक कठोर अट घातली आहे. ईश्वराचा अपराध केला असेल तर या दिवसाच्या प्रायश्चित्ताने तो क्षमा करील. परंतु माणसाचा अपराध केला असेल, तर त्या माणसापाशी जाऊन त्याचे मन शांत करीपर्यंत उपवासाचा उपयोग नाही. म्हणून दार लावण्याआधी शेजाऱ्याच्या दारी जावयाचे, आणि दार उघडल्यावर पुन्हा दुसऱ्याच्या दारी जावयाचे. शिळा सण हा म्हणूनच खरा ताजा सण.

भाविकहो, नऊ दिवस आपण अनवाणी चाललो, धान्यफराळ केला, अखंड दिवा तेवता ठेवला. आज सायंकाळी आपट्याची पाने घेऊन आपण निघू, तेव्हा ज्यांच्या घरी नित्य जातो तेथे तर जाऊच. परंतु प्रत्येकाच्या गावात, गल्लीत, कित्येकदा एकाच वाड्यात एखादे दार असे असते की ज्याच्याकडे आपण वर्षानुवर्षे पाठ केली आहे. भाऊबंदकीचे असेल, बांधाच्या तंट्याचे असेल, एका कठोर शब्दाचे असेल. सीमोल्लंघन करावयाचे ते त्या उंबरठ्याचे. बंदिवासात एक नवस बोललेला सैनिक तो पूर्ण करण्यासाठी वार्धक्यात कोचीनपर्यंत गेला; आपणांस चार पावले जावयाची आहेत.

सामाजी हसाजी दिवेकर यांच्या स्मृतीस आमचे वंदन असो. आई जगदंबा आपणां सर्वांस दार उघडण्याची बुद्धी देवो, एवढे मागून ही सेवा आम्ही तिच्या चरणी रुजू करतो.